चंद्रकळेखालचा समुद्र

रायपूरच्या चौबे कॉलोनीत देवपुजाऱ्यांचं घर विचारलं, तर लोक आधी उलट विचारतात, "वो मछलीवाली काकू का?" चित्राकाकूंना याचं काही वाटत नाही. उभी नोकरी लोकांची बोटं टोचून रक्त तपासण्यात गेली, तेव्हा त्यांना सगळे खूनवाली दीदी म्हणत. त्यापेक्षा मछली बरी, असं त्यांचं मत आहे.

काकूंना राग येतो तो एकाच गोष्टीचा. कोणी "हे होत नाही" म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागते. लग्नानंतर त्यांना अभनपूरच्या सरकारी दवाखान्यात लॅबची नोकरी लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, घरची सून रोज बसनं एवढ्या लांब जाते, असं आपल्यात होत नाही. काकूंनी निमूटपणे मान डोलावली आणि लुना घेतली. सासूबाईंची हरकत बसला होती, लुनाला नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. नवरा श्रीपादराव रेल्वेच्या कचेरीतले, फार शांत गृहस्थ. आई आणि बायकोच्या मध्ये न पडता ते बाजूला सरकले आणि पेपर वाचत बसले. हेच धोरण त्यांनी आजतागायत चालवलं आहे.

माशांचंही असंच झालं. निवृत्तीनंतर एकदा काकू गोल बाजारात परात घ्यायला गेल्या होत्या. मागच्या गल्लीत हिरालालचं माशांचं दुकान आहे. तिथे कोपऱ्यातल्या काचेच्या डब्यात नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन इवलेसे मासे दिसले आणि काकू थबकल्या.

"जोकर मछली है दीदी, समुंदर की," हिरालाल म्हणाला. "किसी ने मँगाई थी, लेने नहीं आया. रायपुर में ये नहीं जीती. आप गोल्डफिश ले जाओ."

परात राहिली बाजूला. काकू ती जोडी घेऊनच घरी आल्या.

रायपूरहून समुद्र गाठायचा तर पुरीची गाडी पकडावी लागते. काकूंनी तो बादलीत तयार केला. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, खारटपणा तपासायचा, पाणी कोमट राखायचं. लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईला यात अवघड काही नव्हतं. दिवाणखान्यात एका भिंतीशी देवघर होतं, समोरच्या भिंतीशी टाकी बसली. मासे जगले, वाढले, आणि त्यांच्यातला एक दुसऱ्यापेक्षा चांगला दांडगा झाला. ही मादी. या माशांत मादीचं राज्य असतं. ती अंडी घालते आणि टाकीभर दरारा गाजवत फिरते. नर बिचारा अंड्यांपाशी बसून पंख्यानं वारा घालावा तसं परांनी पाणी घालत राहतो, खराब झालेलं अंडं तोंडानं उचलून टाकतो. श्रीपादराव त्या नराकडे बराच वेळ पाहत राहत. बोलत काही नसत.

अंडी आली. काकूंनी त्यासाठी मडक्याचं खापर आत ठेवलं होतं. मादीनं त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता टाकीच्या मागच्या, भिंतीकडच्या काचेवरच नारंगी ठिपक्यांची रांगोळी घातली. काकूंनी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. पिल्लांना डोळ्यांना न दिसणारं जिवंत खाद्य लागतं, म्हणून चेन्नईहून रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव मागवले आणि त्यांना खायला गच्चीवर बाटल्यांतून शेवाळाचं हिरवं पाणी पिकवलं. लॅब बंद होताना मागून घेतलेला जुना मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर आला. सगळी जय्यत तयारी झाली, आणि अंडी फुटलीच नाहीत. त्यांतले चंदेरी डोळे दिसायचे, आतली पिल्लं हलायची, आणि मग एकेक करून पांढरी पडून मरायची. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी चारदोन पिल्लं सुटली, ती सकाळी मेलेली सापडली.

नेमक्या त्याच आठवड्यात, गेल्या वर्षी, वरच्या मजल्यावरच्या मंजिरीचं मूल पोटातच गेलं.

वरच्या मजल्यावर श्रीपादरावांचे थोरले भाऊ नरहरीभाऊजी राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जाऊबाईंना जाऊन बराच काळ झाला. मुलगा शिशिर आणि त्याची घरीही हिंदीतच बोलणारी बायको मंजिरी त्यांच्याजवळ असतात. देवघर मात्र दोन्ही घरांचं मिळून खालीच आहे आणि पूजा भाऊजींची. त्या दिवशी ते दवाखान्यातून आले, हातपाय धुतले, नंदादीपात तेल घातलं आणि टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "घरात रोज मरणं पाहून राहिलो आपण. पोटातलं कसं टिकन?"

मंजिरी तेव्हा दवाखान्यात होती, म्हणून काकू गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उत्तर गिळलं. ते त्यांना पचलं नाही. तो बोल घरात राहिला. कोणी पुन्हा उच्चारला नाही, पण टाकीवरून नजर फिरवताना प्रत्येकाच्या डोळ्यांत तो असायचा. दुपारी टाकीजवळ येऊन बसणारी मंजिरी खाली येईनाशी झाली. आपल्यावरच ठपका आहे हे काकू समजून चुकल्या आणि त्यांना त्याचा मनस्वी संताप आला. जिनं रक्ताच्या हजारो बाटल्या हाताळल्या, त्या बाईला घरचे पांढऱ्या पायाची ठरवत होते.

यंदा मंजिरीला पुन्हा दिवस गेले. श्रावण संपता संपता भाऊजी खाली आले.

"चित्रा, नवरात्राच्या आधी ही टाकी काढून टाक."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुले माहीत नाही का?"

"मले माहीत नाही. तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या. "सरळ तोंडानं सांगा, भाऊजी."

भाऊजींना ते सरळ सांगता आलं नाही. ते म्हणाले, "या टायमालेही पिल्लं मेली तर काढशील?"

"काढीन," काकू म्हणाल्या.

रागात माणूस नको ते कबूल करून बसतं. भाऊजी जिना चढून गेल्यावर काकूंच्या ध्यानात आलं की आपण काय करून ठेवलं. माशांच्या जगण्यामरण्याचा मंजिरीच्या पोटाशी काही संबंध नाही, हे ज्यांना ओरडून सांगायचं होतं, त्यांच्याशीच त्यांनी माशांच्या जगण्यामरण्यावर पैज लावली होती. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं त्यांना वाटलं. पण शब्द गेला होता.

आता पिल्लं जगवणं भाग होतं, आणि ती का मरतात हेच कळलेलं नव्हतं. काकूंनी गेल्या वेळी काढलेले फोटो पुन्हा पाहिले. चारदोन अंडी फुटली होती ती सगळी एकाच जागची, टाकीतल्या मोठ्या दगडाच्या आडची. बाकीची काच तशीच भरलेली. लॅबमध्ये अशी नीट आखलेली रेघ दिसली की काकू समजायच्या, इथे काहीतरी एका बाजूनं येऊन राहिलं आहे. ही अंडी काळोख पडल्यावरच फुटतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी त्या संध्याकाळीच सगळे दिवे घालवायच्या, इन्व्हर्टरच्या बारक्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टी लावायच्या, श्रीपादरावांना मोबाइल बघायला बाथरूममध्ये पाठवायच्या. मग उजेड कुठून?

त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा सगळं बंद केलं आणि टाकीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. डोळे काळोखाला सरावले, आणि भिंतीवर त्यांना स्वतःची सावली दिसली. सावली हलत होती.

काकूंनी मान वळवली. देवघरात नंदादीप तेवत होता.

रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तो तिथे होता. त्यांनी घरातला ठिपका ठिपका विझवला होता, पण नंदादीप त्यांच्या लेखी दिवा नव्हताच, तो देव होता. टाकीतल्या पाण्यातून मागच्या काचेवर त्याचा उजेड पडत होता, आणि दगडाच्या सावलीतली तेवढी अंडी वाचत होती. बाई खुर्चीत बसून हसत सुटल्या. मग हसू थांबलं आणि इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पिल्लं टाकीनं मारली नव्हती. पण हे भाऊजींना सांगायचं कसं? देवाच्या दिव्यानं मारली म्हटलं, तर ठपका टाकीवरून उचलून देवघरावर ठेवल्यासारखं झालं असतं. ठपक्याचा खेळच त्यांना नको होता.

मादीनं पुढची अंडी घातली ती नेमकी घटस्थापनेच्या तोंडावर. आता तर दिवा अखंड. विझवणं सोडाच, हलवायचाही नाही. घट बसले की जागचे उठत नाहीत. पाण्यानं भरलेली टाकीही हलत नाही. काकूंनी पुठ्ठे लावून पाहिले, फटींतून उजेड यायचा. चादरी सगळ्या फिक्या, त्यांतून ज्योत आरपार दिसायची. घरात दाट काळं कापड एकच होतं: लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी दिलेली चंद्रकळा.

अंड्यांत चंदेरी डोळे दिसले त्या संध्याकाळी काकूंनी पेटी उघडली, चंद्रकळेची घडी मोडली आणि टाकीवर चौफेर पांघरली.

आरतीला शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या. देवीसमोर झेंडूच्या माळा, आणि तिच्या बरोबर समोर काळं कापड. तबक हातात घेतलेले भाऊजी दारातच थांबले.

"नवरात्रात देवीसमोर काळं?"

"देवीवर नाही घातलं, भाऊजी. टाकीवर घातलं."

"आईची चंद्रकळा आहे ती."

"हव. मले दिलेली."

"चित्रा, घरात पोटुशी पोट्टी आहे. जरा तरी जनाची ठेव."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. श्रीपादरावांनी पेपर शोधला, पण आरतीच्या वेळी तो हाताशी नव्हता. काकूंनी पदर खोचला. "कापड आज निघणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाले आरती करायची तर करा, नाही तर तबक माझ्याजवळ द्या. मी करते."

भाऊजींनी आरती केली. पण मान वाकडी ठेवून, काळं दिसू नये अशी. प्रसाद न घेताच ते वर गेले. बायकाही लवकर उठल्या. उद्या सगळ्या कॉलोनीत याचाच गवगवा होणार, हे काकूंना दिसत होतं. होऊ दे, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि दिवे घालवून चंद्रकळेखाली शिरल्या.

आत मिट्ट काळोख होता. पंपही बंद केला होता. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला.

"काकू, मैं भी देखूँ?"

मंजिरी होती. वर्षभरात पहिल्यांदाच ती टाकीपाशी आली होती. काकूंच्या ओठांवर शब्द आले, "तू नको येऊस, वर जा." आणि त्या शब्दांनीच त्या हादरल्या. काळ्या कापडाखाली पोटुशीनं येऊ नये, उद्या काही झालं तर, हे सगळं त्यांच्याच डोक्यात होतं. भाऊजींचं बोलणं त्यांच्याही रक्तात भिनलं होतं. काकूंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चंद्रकळेची कड उचलली.

"ये. पायाखाली बादली आहे, पाहून ये."

दोघी स्टुलांवर खेटून बसल्या. काकूंनी बारकी बॅटरी लावून टाकीच्या एका कोपऱ्यावर धरली. पाणी रिकामं दिसलं. मग त्या रिकाम्या पाण्यात काहीतरी चमकलं. मग आणखी. पिल्लं म्हणजे नुसते डोळे होते, त्यांना अंग होतं की नाही तेही कळत नव्हतं, पण ते डोळे उजेडाकडे पोहत येत होते, थव्यानं. काच मोकळी झाली होती, सगळीच्या सगळी.

"ये... ये सब ज़िंदा हैं?" मंजिरीनं विचारलं.

"आत्ता आहेत," काकू म्हणाल्या. "धर ही बॅटरी. हलवू नको."

जाळीनं पिल्लं मरतात, म्हणून काकूंनी ती श्रीखंडाच्या वाटीनं पाण्यासकट उचलली आणि आतल्या खोलीतल्या छोट्या टाकीत सोडली. मंजिरीनं शेवटपर्यंत बॅटरी धरली.

जगवणं पुढेच होतं, आणि ते काही गोड नव्हतं. छोट्या टाकीत हिरवं पाणी, त्यात रोटिफर. पिल्लांच्या तोंडासमोर खाद्य सतत असलं पाहिजे आणि पाणी नासताही कामा नये. काकू मायक्रोस्कोपशी बसून थेंबाथेंबात किती जीव आहेत ते पाहायच्या. तरी रोज सकाळी तळाशी पांढरी कुसळं पडलेली असायची. मेलेली पिल्लं. काकू ती नळीनं ओढून काढायच्या. त्या लपवून काढत नव्हत्या, मंजिरी दारात उभी असली तरी काढायच्या, आणि तिनं विचारलं तर सांगायच्या, "आज बरेच गेले." दसऱ्याला श्रीपादराव आपटा घेऊन खोलीत आले, टाकीत डोकावले आणि म्हणाले, "वारा घालू का?" एवढा विनोद त्यांनी वर्षभरात केला नव्हता.

कोजागिरीच्या सुमारास उरलेल्या पिल्लांचं अंग भरलं, नारंगी छटा आली, आणि एका सकाळी पहिल्या पिल्लाच्या डोक्यामागे पांढरा पट्टा उमटलेला दिसला. पट्टा आला की पिल्लू मोठ्या धोक्यातून सुटलं. काकूंनी हिरालालला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, "दीदी, रायपुर में तो होता नहीं है ये." काकू म्हणाल्या, "आके देख लो, भैया," आणि समाधानानं फोन ठेवला.

बातमी वर गेली. संध्याकाळी भाऊजी खाली आले. हातात नारळ, हळदकुंकवाची कुयरी. मागे मंजिरी. भाऊजींचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला होता.

"चित्रा, टाकी राहू दे," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही आता. नवरात्रात पिल्लं झाली, जगली, शकुन चांगला आहे. नारळ वाढवतो टाकीपुढं. मंजिरीले रोज सकाळी इथं बसव, त्यांचं तोंड पाहून दिवस सुरू करू दे."

श्रीपादरावांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळं मिटलं होतं. काकूंनी नुसतं "बरं" म्हणायचं होतं. टाकी राहिली असती, पैज जिंकली असती, कॉलोनीत नाव झालं असतं.

"नारळ स्वयंपाकघरात ठेवा," काकू म्हणाल्या. "चटणी करू."

"म्हंजे?"

"टाकीपुढं नारळ नको, कुंकू नको. भाऊजी, मी तुम्हाले म्हटलं होतं, मेले तर टाकी काढीन. ते मी चुकीचं बोलले. सगळे मेले असते तरी काढली नसती."

"अवं, पण जगले न आता."

"निम्म्याहून जास्त मेले. रोज सकाळी मेलेले काढून राहिले मी. त्यांचा शकुन कोणाच्या नावावर लावता?" काकूंचा आवाज चढला नव्हता, पण कपाळाची शीर उडत होती. "अन् उद्या पाणी बिघडलं, राहिलेले मेले, तर या पोट्टीनं काय करायचं? पोटावर हात ठेवून टाकीकडं पाहत बसायचं? चांगला शकुन नको मले, भाऊजी. तो घेतला तर वाईटही घ्यावा लागते."

भाऊजी नारळ हातात धरून उभे होते. "मग तुले पाहिजे तरी काय?"

"गेल्या वर्षी दवाखान्यातून येऊन तुम्ही जे बोलले, ते परत घ्या. इथंच बोलले होते. मले नका सांगू. तिले सांगा."

"ती तर तेव्हा दवाखान्यात होती. तिले काय ठाऊक?"

मंजिरी जमिनीकडे पाहत होती. "पता है, बाबा," ती म्हणाली. "शिशिर ने बताया था." मग ती थांबली, आणि वर्षभर कोणाजवळ न बोललेलं एका दमात बोलून गेली. "मुझे लगा मेरी ही गलती थी. मैं ही रोज़ नीचे आके बैठती थी ना टैंक के पास."

वर्षभर काकू स्वतःच्या नावासाठी भांडत होत्या. ठपका त्यांच्यावर आला, तो त्यांनी झटकला, वाद घातला, चंद्रकळा पांघरली. आणि वरच्या मजल्यावर ही पोर तोच ठपका मुकाट्यानं आपल्याकडे ओढून बसली होती.

भाऊजींनी नारळ स्टुलावर ठेवला. देवघराकडे पाहिलं, मग तिकडून नजर काढून सुनेकडे पाहिलं.

"खोटं बोललो होतो मी, बेटा," ते म्हणाले. "माशांमुळं काही झालं नव्हतं. तुझ्या बसण्यानं काही झालं नव्हतं. माझा नातू गेला होता, मले कोणावर तरी राग काढायचा होता."

मंजिरी रडायला लागली, चांगली हमसून. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही. सासऱ्यानंच पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणून त्या मागे सरकल्या. पिल्लांच्या खाण्याची वेळ टळून गेली होती. काकू आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांना खायला घालू लागल्या.